तिरक्या अक्षरातलं नाव

छापखान्यात त्यांना तोंडावर सगळे मूळकाका म्हणायचे आणि पाठीमागे मूळव्याध. दोन्ही नावं एकाच खोडीमुळे पडली होती. एखादा इंग्रजी शब्द त्यांच्या टेबलावर आला की त्याची वंशावळ सांगितल्याशिवाय ते त्याला पुढे सोडायचे नाहीत. पाणी प्यायला निघालेला माणूस त्यांच्या टेबलाजवळून गेला तर तहान विसरून, ग्रीक-लॅटिन ऐकून परत यायचा. मालक वैतागायचे. पण आपल्या छापखान्यातून चुकीचं पान बाहेर जात नाही ते कोणामुळे, हेही मालकांना पक्कं ठाऊक होतं.

मी त्यांची वाचक होते, एकोणीस वर्षं. हाताने लिहिलेली प्रत माझ्या हातात आणि छापून आलेलं ओलं प्रूफ त्यांच्यासमोर. मी मोठ्याने वाचायचं, त्यांनी पेन्सिलीचं टोक ओळीवरून सरकवत ऐकायचं. ओळ बरोबर असली की ते म्हणायचे, "हं, पुढे." नुसते शब्द वाचून भागत नाही या कामात. स्वल्पविराम आला की 'स्वल्प' म्हणायचं, मोठं अक्षर आलं की 'कॅपिटल'. तिरकी अक्षरं सुरू झाली की 'इटालिक', आणि ती संपून साधी उभी अक्षरं आली की 'रोमन'. उभ्या अक्षरांना छापखान्यात रोमनच म्हणतात. प्रतीत एखाद्या शब्दाखाली एकच रेघ मारलेली असली, की तो शब्द इटालिकमध्ये जुळवायचा, ही कंपोझिटरला, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याला, खूण.

दिवसाचे सात तास असं वाचलं की अर्थ डोक्यात शिरतच नाही. म्हणून मला पोपटबाई म्हणायचे. मला राग यायचा, पण नाव चुकीचं नव्हतं. काका उलट कौतुक करायचे. "अर्थात शिरलीस की अक्षर निसटतं," म्हणायचे. "प्रूफ वाचणाऱ्याने मजकूर समजून घ्यायचा नसतो." शब्दांची मुळं खणणारा हा माणूस वाक्याच्या अर्थाकडे मात्र ढुंकूनही बघायचा नाही, याची मला तेव्हा गंमत वाटायची.

माझ्या हातून पहिली मोठी चूक झाली ती पहिल्याच वर्षी. एका दिवंगत शिक्षकाच्या आठवणींची इंग्रजी पुस्तिका होती. त्यांच्या वाचनाची आवड 'कॅथलिक' होती, असं लेखकाने लहान 'सी' घालून लिहिलं होतं. अक्षर गिचमिड होतं, मी 'कॅपिटल सी' असं वाचलं आणि तसंच छापलं गेलं. चार दिवसांनी त्या शिक्षकांची बायको पुस्तिका घेऊन दारात उभी. "अहो, आमच्या ह्यांनी जन्मात कुठल्या देवाला हात जोडले नाहीत. आणि तुम्ही मेल्यावर त्यांना कॅथलिक करून टाकलंत?"

काकांनी बाईंना बसवलं, माफी मागितली, सगळ्या प्रतींमध्ये हाताने दुरुस्ती करून देतो म्हणाले आणि दिली. मग माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ते म्हणाले, "ग्रीक शब्द आहे. संपूर्णाला धरून, अवघं, असा मूळ अर्थ. लहान सी घातला तर ज्याला कशाचंच वावडं नाही असा माणूस. मोठा सी घातला की चर्चमधला माणूस. एका अक्षराने तू त्याचा बाप्तिस्मा केलास, आणि तोही मेल्यावर!"

मी रडवेली झाले होते, तरी हसू आलं. ते पुढे म्हणाले, "आणि रोमन म्हणजे काय? एका शहराचा. आता रोमन कॅथलिक म्हण. एका शहराचा आणि अवघ्या जगाचा, दोन्ही एकदम. दोन विरुद्ध शब्द एकमेकांशेजारी किती वर्षं नांदतायत बघ. माझ्या घरी त्याचा एक नमुना आहे."

तो नमुना म्हणजे काकू. काकू प्रसूतिगृहात नर्स होत्या, आणि अगदी मनापासून रोमन कॅथलिक. काका कुठलेच नव्हते. देव मानत नव्हते असंही नाही. "शब्द फार मोठा आहे, अजून मूळ हाती लागलं नाही," एवढंच म्हणायचे. काकूंनी त्यांना कधी चर्चमध्ये ओढलं नाही. दर रविवारी काका त्यांना चर्चच्या दारापर्यंत सोडायचे आणि स्वतः बाहेरच्या बाकावर शब्दकोश उघडून बसायचे. तासाभराने काकू बाहेर आल्या की दोघं चालत घरी. त्यांच्या घरी मी बरेचदा जायची. दोन खोल्या, खिडकीत शिवणयंत्र, भिंतीवर काकूंचा क्रूस आणि त्याच्याच खाली काकांच्या कोशांची फळी.

"रविवारच्या प्रार्थनेला, मिस्साला, इंग्रजीत मास म्हणतात," काका मला एकदा तिथेच सांगत होते. "त्याचं मूळ लॅटिनमध्ये. शेवटी पाद्री म्हणतो, जा, आता निरोप. त्या पाठवणीच्या शब्दावरून अख्ख्या प्रार्थनेचं नाव पडलं. म्हणजे मी बाकावर बसून ज्या घटकेची वाट बघतो, तीच खरी मुख्य."

"ऐकलंस ना?" काकू मला म्हणाल्या. "चाळीस वर्षं हा माणूस माझ्या सुटण्याची वाट बघत बाहेर बसतो, आणि वर मलाच शिकवतो."

"रोमान्स शब्दही रोमनच्याच पोटचा," काका म्हणाले. "विद्वानांचं लॅटिन सोडून लोकांच्या रोमन बोलींत सांगितलेल्या गोष्टी, त्या रोमान्स. म्हणजे तू आणि आपला संसार..."

"पुरे," काकू म्हणाल्या, आणि त्यांचे कान लाल झाले होते. मूलबाळ नव्हतं त्यांना. एकमेकांची चेष्टा करण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं, आणि फार चांगलं गेलं.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगतेय तिच्याकडे येते. काकूंच्या पॅरिशची, म्हणजे त्या चर्चच्या वस्तीची, कुटुंबांची सूची दर पाच वर्षांनी आमच्याकडे छापायला यायची. पाद्र्यांच्या आधीच्या पिढीपासून चालत आलेली पद्धत अशी, की पॅरिशमधल्या माणसांची नावं रोमनमध्ये, आणि त्यांच्याशी लग्न केलेल्या बाहेरच्या जोडीदाराचं नाव इटालिकमध्ये. सगळ्या सूचीत अशी तिरकी नावं पाच-सहा असतील. त्यातलं एक काकांचं. आणि ती सूची तपासायचे काकाच.

पहिल्या वेळी मी त्या ओळीपाशी आले, काकूंचं नाव वाचलं आणि अडखळले. "वाच," काका म्हणाले. मी म्हटलं, "इटालिक," आणि त्यांचं नाव वाचलं. ते म्हणाले, "हं, पुढे." पण मला ते लागलं. उभ्या नावांच्या रांगेत हे एकटंच धक्का मारल्यासारखं. त्यांच्या घरी गेल्यावर मी काकूंपाशी बडबड केली, तर त्या शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाल्या, "इटालिक म्हणजे इटलीचं ना? आणि रोम कुठे आहे? इटलीतच ना? मग भांडण कसलं गं?"

तीन आवृत्त्या मी अशाच वाचल्या. चौथी आली तेव्हा काकू हॉस्पिटलमध्ये होत्या आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. काका सकाळी त्यांच्यापाशी बसून दुपारी कामावर यायचे, घरी एकटे बसवत नाही म्हणून. सूचीचं प्रूफ समोर होतं. मी वाचत वाचत त्या पानावर आले. काकूंचं नाव वाचलं. खाली काकांचं नाव, प्रतीत त्याच्याखाली नेहमीसारखी एक रेघ. आणि काकांसमोरच्या प्रूफावर बघते तर कंपोझिटर चुकला होता, नाव उभं लागलं होतं. मी 'इटालिक' म्हटलं नाही. नुसतं नाव वाचलं.

काकांची पेन्सिल थांबली. "रोमन?" त्यांनी विचारलं.

"रोमन," मी म्हटलं.

धडधडीत खोटं बोलले. का, ते तेव्हाही कळलं नाही. कसला तरी राग होता. मरणाला टेकलेल्या बाईच्या नावाखाली तिचा नवरा परका म्हणून तिरका छापायचा, हे मला त्या दिवशी सोसलं नाही. काका बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हं, पुढे."

सूची तशीच छापली गेली. काकू त्याच महिन्यात गेल्या. दफनाच्या आदल्या दिवशी पॅरिशचे सेक्रेटरी कागद घेऊन आले. शाळेतले गणिताचे निवृत्त मास्तर, रेघ म्हणजे रेघ असा माणूस. जोडप्यासाठी दोघांची एकत्र जागा देता येते, पण दोघंही यादीत हवेत, ते म्हणाले. नवी सूची उघडून त्यांनी काकांच्या नावावर बोट ठेवलं. उभं नाव बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. "तुम्ही कधी आलात आमच्यात? मला कळलंच नाही. बरं झालं." आणि त्यांनी दोघांच्या जागेवर सही केली. काका काहीच बोलले नाहीत. मीही बोलले नाही. काकूंचा दगड बसला, त्यांचं नाव उजव्या अर्ध्या भागात कोरलं गेलं आणि डावा भाग कोरा राहिला.

दोन वर्षं गेली. काका रविवारी त्याच बाकावर जाऊन बसायचे, सवय म्हणून. मग त्यांचं स्वतःचं दुखणं निघालं, पोटातलं, आणि डॉक्टरांनी महिने मोजून सांगितले. एक दिवस मी भेटायला गेले तर ते खाटेवर बसून सूची चाळत होते.

"शुद्धिपत्र छापायचंय," ते म्हणाले. "एका ओळीचं. अमुक पानावर अमुक नाव रोमनमध्ये पडलं आहे, ते इटालिक वाचावं."

"काका, चूक माझी होती. मी मुद्दाम..."

"माहीत आहे. माझं नाव कसं असतं ते मला माहीत नाही का? सतरा वर्षं तुझ्या वाचनावर मी शंका घेतली नाही. त्या दिवशी घेतली, तुला विचारलं, आणि तू म्हणालीस रोमन. मला तेच ऐकायचं होतं. मी सोडून दिलं. जन्मात एकच चूक मुद्दाम सोडली, ती स्वतःच्या नावाची." मग थोडं हसून म्हणाले, "दुसऱ्यांदा बाप्तिस्मा केलास. या वेळी निदान जिवंतपणी."

मला हसू आलं नाही. "शुद्धिपत्र छापलंत तर जागा जाईल," मी ओरडलेच. "काकूंच्या शेजारची जागा! कोणाला कळणार आहे? कोण बघणार आहे?"

"ती बघणार आहे," काका म्हणाले. "चाळीस वर्षं तिने मला आहे तसा शेजारी ठेवला. आता तिच्या शेजारी चुकीच्या टाइपात जाऊन झोपू?"

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून आम्ही पॅरिशच्या ऑफिसात गेलो. लांब लाकडी टेबल, भिंतीवर घड्याळ, खिडकीत सुकलेली कुंडी. फादर वयाने तरुण होते. सेक्रेटरी शेजारी बसले होते. काकांनी सगळं सांगितलं, माझं नाव वगळून. मग मी मध्ये बोलले आणि माझा भाग सांगितला. सेक्रेटरींचा चेहरा उतरला. वाईट माणूस नव्हे तो. "आता मी काय करू?" ते म्हणाले. "नियम आहे. बाहेरच्या माणसाला दफनभूमीत जागा नाही."

फादर काकांकडे वळले. "तुम्ही शब्दांची मुळं सांगता असं ऐकलंय. पॅरिश शब्दाचं मूळ काय?"

"ग्रीक," काका म्हणाले. "शेजारी राहणारा. पण घरचा नव्हे, वस्तीला आलेला परका."

फादरचा चेहरा उजळला. "म्हणजे घराशेजारी राहणारा परका! तुमच्याइतका खरा पॅरिशचा माणूस या सूचीत दुसरा कोण आहे?"

मला वाटलं, सुटलो. पण काका मान हलवत होते. "नाही, फादर. शब्द कुठून आला ते मूळ. आज तो काय सांगतो तो अर्थ. मी आयुष्यभर मुळं खणली, पण मुळावर बोट ठेवून अर्थ फिरवला नाही. आज पॅरिशचा म्हणजे तुमच्यातला. मी तुमच्यातला नाही. मला मुळाच्या आडून आत यायचं नाही."

मी त्यांना अक्षरशः धरून हलवणार होते. देव समोर दार उघडून देतोय आणि हा माणूस दाराच्या बिजागरीचं व्याकरण तपासत बसलाय! सेक्रेटरी हळूच म्हणाले, "नियम छापलेलाच आहे. सूचीच्या शेवटच्या पानावर."

"वाचून घेऊ एकदा," फादर म्हणाले.

काकांनी सूची सवयीने माझ्यापुढे सरकवली. "तू वाच."

आणि मी सवयीनेच वाचायला लागले. स्वल्प, पूर्णविराम, सगळं. "या सूचीत ज्यांचं नाव छापलेलं आहे, स्वल्प, अशा कोणाही व्यक्तीस पॅरिशच्या दफनभूमीत जागा मिळेल, स्वल्प, आणि पती-पत्नी दोघांची नावं असल्यास जागा शेजारी मिळेल. पूर्णविराम."

काकांची मान वर झाली. चार वेळा आम्ही दोघांनी हे पान तपासलं होतं. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. आणि त्यात काय लिहिलंय ते आम्हाला दोघांनाही आज पहिल्यांदा ऐकू आलं.

"परत वाच," काका म्हणाले.

मी परत वाचलं.

"रोमन, इटालिक असा काही उल्लेख?"

"नाही."

"सभासद?"

"नाही. 'नाव छापलेलं आहे' एवढंच."

सेक्रेटरींनी सूची माझ्या हातातून घेतली, चष्मा वर केला, ओळ जवळ धरून वाचली. "आम्ही नेहमी असंच धरून चाललो," ते म्हणाले. "की उभ्याच नावांना. कोणी विचारलंच नाही कधी."

"लिहिणाऱ्याला सभासद म्हणायचं असतं तर त्याने सभासद लिहिलं असतं," फादर म्हणाले. "त्याने 'कोणाही' लिहिलंय. काका, हे तर मूळ नव्हे ना? हा आजचा अर्थ आहे ना?"

काकांनी खिशातून पेन्सिल काढली. सेक्रेटरींकडून सूची मागून घेतली, त्या ओळीच्या समासात बरोबरची खूण केली आणि म्हणाले, "हं, पुढे." मग टेबलावर डोकं टेकून ते रडले. एकोणीस वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, काकू गेल्या तेव्हाही नाही. फादरनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सेक्रेटरी उठून खिडकीतल्या सुकलेल्या कुंडीला पाणी घालायला लागले.

शुद्धिपत्र मात्र छापलंच. त्याशिवाय ते ऐकते तर मूळकाका कसले! बोटभर कागदाच्या पट्ट्या. मी वाचलं, त्यांनी खाटेवर बसून तपासलं, आणि सेक्रेटरींनी स्वतः सगळ्या प्रतींमध्ये पट्ट्या चिकटवल्या. हे आमचं एकत्र केलेलं शेवटचं काम.

काका गेले तेव्हा त्यांना काकूंच्या शेजारी ठेवलं. महिनाभराने दगडावर नाव कोरायचं म्हणून मी दफनभूमीत गेले. दगडावर कोरणारा माणूस तोच होता, ज्याने काकूंचं नाव कोरलं होतं. त्याने पत्र्याच्या डब्यातून घडी घातलेला कागद काढला.

"तेव्हाच त्यांनी मला दोघांच्या नावांचा कागद करून दिला होता," तो म्हणाला. "बाईंचं कोर, माझं मागाहून, असं सांगून. एवढंच विचारायचं होतं ताई, ही नावाखाली रेघ आहे, ती पण कोरायची का?"

मी कागद हातात घेतला. काकूंच्या दफनाच्या दिवशीची तारीख होती वर. उजवीकडे काकूंचं नाव, साधं. डावीकडे काकांचं नाव, आणि त्याच्याखाली पेन्सिलीची एकच सरळ रेघ. ज्या दिवशी सेक्रेटरींपुढे ते गप्प राहिले होते, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपलं खरं नाव दगडवाल्याच्या हातात देऊन ठेवलं होतं. दोन वर्षं काका स्वतःशी किती भांडले असतील, ते मला तिथे कळलं, आणि मी एक शब्दही विचारला नव्हता त्यांना.

"रेघ कोरायची नाही," मी म्हटलं. "ती खूण आहे. नाव तिरकं कोरायचं."

"तिरकं? पडल्यासारखं दिसेल."

"दिसू दे."

आठ दिवसांनी त्याने निरोप पाठवला म्हणून बघायला गेले. डावीकडचं नाव उजवीकडे झुकलं होतं, काकूंच्या बाजूला. मी कागद हातात धरला आणि दगडासमोर उभी राहून मोठ्याने वाचलं, जसं वाचायचं तसं. "इटालिक," आणि काकांचं नाव. "रोमन," आणि काकूंचं नाव. एकही चूक नव्हती. वाचून झाल्यावर मी सवयीने थांबले. मग लक्षात आलं, की आता 'हं, पुढे' म्हणणारं कोणी नाही.